दारात आडवा घातलेला नॉर्बर्ट

सेंट किलियन हायस्कूलचा बास्केटबॉलचा संघ दोन गुणांनी मागे होता आणि डेल ओबरमायर टीव्हीसमोर बसून पंचांचा उद्धार करत होता, तेवढ्यात त्याच्याखालची खुर्ची मिटली. नुसती मिटली असती तर एक वेळ चाललं असतं. ती डेलला आत घेऊन मिटली. बाहेर राहिले दोन पाय, एक हात आणि त्या हातात लाह्यांचा वाडगा. त्याची बायको अर्लीन स्वयंपाकघरातून आली. तिने आधी वाडगा काढून घेतला आणि मग आगीच्या बंबाला फोन केला. इतक्या वर्षांच्या संसारात आधी काय वाचवायचं हे बाईमाणसाला कळायला लागतं.

बंबावर सगळी गावातलीच हौशी मंडळी. सगळ्यांच्या पुढे होता नॉर्बर्ट क्रुगर. नॉर्बर्ट म्हणजे डेलचा शाळेपासूनचा मित्र, दर गुरुवारी युकर नावाच्या पत्त्यांच्या डावात त्याच्या समोर बसणारा भिडू, आणि गावातल्या एकुलत्या एक फर्निचरच्या दुकानाचा मालक. ही खुर्चीही त्यानेच दिलेली. 'गव्हर्नर' नावाची, खटका ओढला की पाठ मागे आणि पाय वर. नॉर्बर्टने हातातली पहार बाजूला ठेवली, वाकून आधी खुर्चीची चौकशी केली आणि मग डेलची.

"खुर्ची चांगलीय," तो म्हणाला. "तूच वाकडा बसला असशील."

डेलचं माकडहाड मोडलं होतं. डॉक्टरांनी त्याला मधे भोक असलेली गोल उशी दिली आणि सबुरी धरायला सांगितलं. निवृत्त झाल्यापासून डेलला आयुष्याकडून दोनच गोष्टी हव्या होत्या: बुडाखाली एक बरी खुर्ची आणि गुरुवारी समोर नॉर्बर्ट. पहिली गेलीच होती. दुसरी घालवण्यासाठी वकील लागला.

वकील म्हणजे ट्रेंट मॅकॉल. हायवेवर गोठ्यांपेक्षा मोठ्या पाट्यांवर ज्याचा हसरा चेहरा झळकतो, तो. हा गृहस्थ दुसऱ्याचं हाड मोडल्याशिवाय हसत नाही अशी गावात वदंता होती. त्याने डेलला बसायला सांगितलं, मग उशी पाहून ते शब्द मागे घेतले, आणि उभ्याउभ्याच कायदा समजावून दिला.

"हे बघा, तुम्ही इंडियानाचे. खुर्ची करणारी कंपनी नॉर्थ कॅरोलायनाची. वादी एका राज्यातला आणि प्रतिवादी दुसऱ्या राज्यातला असला, की कंपनी आपला दावा उचलून फेडरल कोर्टात नेणार, थेट इंडियानापोलिसला. तिथले ज्युरी कुठून कुठून गोळा केलेले. तुमच्या माकडहाडाचं त्यांना काय? आणि इथे काउंटी कोर्टात ज्युरीतला प्रत्येक जण तुमच्या लग्नात जेवलेला."

"मग इथेच चालवू की," डेल म्हणाला.

"आपण म्हणून चालत नाही. इथलाच एक माणूस कंपनीच्या जोडीला प्रतिवादी करायचा. समोरच्या बाजूला एक जरी इंडियानाचा निघाला की मोठ्या कोर्टाचं दार बंद. दारात आडवा घालायला माणूस हवा, एवढंच. खुर्ची कुणी विकली?"

डेलचा चेहरा पडला. मॅकॉलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. नॉर्बर्टच्या केसालाही धक्का लागणार नाही, हे फक्त नावापुरतं, त्याच्या विमा कंपनीचा वकील येऊन सगळं बघून घेईल, मित्रांमध्ये असं चालतंच, असं त्याने पुष्कळ सांगितलं. फक्त कागद हातात पडायच्या आधी तुम्ही स्वतः त्याच्या कानावर घाला, म्हणाला. डेलने मान डोलावली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. डेल तर दोन कोर्टांच्या पायऱ्यांमधून एक निवडत होता.

सांगायला डेल गेला नाही असं नाही. तीनदा गेला. पण ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं त्याचं झालं. पहिल्यांदा दुकानात गेला तर नॉर्बर्ट गल्ल्याजवळच्या काचेच्या बरणीत नटबोल्ट भरत होता. ही बरणी म्हणजे गावाचं भूषण. दर उन्हाळ्यात चर्चच्या सहलीला नॉर्बर्ट ती टेबलावर मांडायचा. आत बोल्ट किती हे अचूक सांगेल त्याला हॅमची अख्खी तंगडी बक्षीस. बरणी दर वर्षी जास्त भरायची आणि डेलचा अंदाज दर वर्षी कमी पडायचा. तो विषय निघाला आणि दाव्याचा राहून गेला. दुसऱ्यांदा डेल गेला तर नॉर्बर्टने त्याच्या उशीसाठी स्वतःच्या हाताने अभ्रा शिवून आणलेला. अभ्रा घेता घेता 'तुझ्यावर दावा लावतोय' असं कोण म्हणेल? तिसऱ्यांदा युकरच्या डावात सांगायचं ठरवलं, तर नेमकं त्या गुरुवारी दोघांनी मिळून सगळ्या गावाला धूळ चारली. जिंकल्यावर नॉर्बर्टने त्याला मिठी मारली. डेलने तोंडात मिठाची गुळणी धरली.

"सांगितलंस का?" घरी आल्यावर अर्लीनने विचारलं.

"शुक्रवारी सांगतो."

"शुक्रवारी काय त्याच्या तोंडात मासा असताना सांगणार?"

तर झालं नेमकं तसंच. ईस्टरआधीचा, मांस वर्ज्य असलेला उपासाचा काळ चालू होता आणि दर शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये मासे तळले जात. कढईवर नॉर्बर्ट, अंगात 'बाप्पाचा बावर्ची' असं लिहिलेला ॲप्रन, समोर ताटं घेऊन अर्धी काउंटी रांगेत. डेल रांगेत सातआठ माणसांच्या मागे, मनातल्या मनात वाक्यं जुळवत उभा होता. तेवढ्यात शेरिफच्या कचेरीतला वेन आत आला. वेन नॉर्बर्टचा मावसभाऊ. दुकान बंद होतं म्हणून तो इकडे आला होता. इकडे आलाच आहे तर मासाही खाऊन घ्यावा असा त्याचा हिशेब. त्याने एका हाताने ताट पुढे केलं आणि दुसऱ्या हाताने समन्स.

"दोन तुकडे दे," वेन म्हणाला. "आणि डेलने तुझ्यावर दावा लावलाय."

नॉर्बर्टने कागद वाचला. मग मान वर करून रांगेत डेलला शोधलं. डेलची पाळी आली तेव्हा त्याने डेलच्या ताटात नेहमीसारखे दोन मोठे तुकडे वाढले, शेजारी बटाट्याचं सॅलड वाढलं, आणि लिंबाची फोड मात्र घातली नाही. गावाला काय समजायचं ते समजलं.

पुढच्या गुरुवारी नॉर्बर्ट दुसऱ्या टेबलावर बसला, वेनच्या समोर. वेनला पत्ते धरता येत नाहीत हे सगळ्या काउंटीला माहीत होतं. म्हणजे राग किती असेल ते बघा. डेलच्या वाट्याला पाद्रीबाबा आले. पाद्रीबाबांना लबाडी करता येत नाही, आणि युकरमध्ये त्याशिवाय काही नाही. ते दोघं सगळे डाव हरले. अर्लीनला केशकर्तनालयात बायकांनी जागा करून दिली नाही. घरी येऊन ती डेलला म्हणाली की हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माकडहाड मोडलं होतं ते बरं होतं, निदान लोक पुडिंग घेऊन भेटायला तरी येत होते.

डेल मॅकॉलकडे गेला आणि नॉर्बर्टचं नाव काढून टाका म्हणाला. मॅकॉल म्हणाला, नाव काढलं की दार उघडलं, दावा चालला इंडियानापोलिसला. दोघांची हुज्जत चालू असतानाच कळलं की दावा गेलासुद्धा. कंपनीने दार बंद आहे का हे बघायचे कष्टच घेतले नव्हते. ती सरळ नॉर्बर्टला ओलांडून आत शिरली होती.

कंपनीचं म्हणणं असं की नॉर्बर्ट क्रुगर हा खोटा प्रतिवादी आहे. खुर्ची कारखान्यातून बंद खोक्यात आली, ती त्याने तशीच पोचवली. या प्रकरणात त्याला काडीचंही स्थान नाही, कुठलाही समंजस ज्युरी त्याला दोषी धरणार नाही, तो आहे काय आणि नाही काय. निव्वळ दावा काउंटीत डांबून ठेवण्यासाठी त्याला पुढे केलंय. बोलून चालून खरंच होतं ते. मोठ्या कोर्टात खरं बोलल्याचा मान पहिल्या दिवशी कंपनीने पटकावला.

मॅकॉलने डोकं धरलं. डेलला मात्र उकळ्या फुटल्या. सुंठीवाचून खोकला गेला, असं त्याला वाटलं. प्रतिपक्षानेच नॉर्बर्टला निर्दोष ठरवलं, आता भांडण कसलं? कागद घेऊन, उशी बगलेत मारून तो तडक दुकानात गेला.

"नॉर्बर्ट, सुटलास तू. हे बघ, कंपनीच म्हणतेय, तुझा काही संबंध नाही."

नॉर्बर्टने चष्मा लावला. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. दुसऱ्या पानावर तो थांबला आणि त्याचे कान लाल झाले.

"'खोकं पोचवणारा निव्वळ एक दुवा,'" त्याने वाचून दाखवलं. "मी?"

"तसं नाही रे, ती वकिली भाषा…"

"'स्वतंत्र असं कुठलंही काम न करणारा.' डेल, माझ्या बापाने हे दुकान टाकलं. या दुकानातून आजपर्यंत एक खुर्ची मी हात लावल्याशिवाय बाहेर गेली नाही. उलटी करतो, खालचं कापड उसवतो, एकेक जोड तपासतो, हवं नको बघतो, परत शिवतो. आणि ही कॅरोलायनाची माणसं म्हणतात मी हमाल?"

"पण त्यामुळेच तर तू सुटतोस."

"सुटायचंय कुणाला?" नॉर्बर्ट म्हणाला. "तुझ्या त्या पाटीवरच्या वकिलाला बोलव."

मॅकॉल आला तो जवळजवळ पळतच. नॉर्बर्टच्या विमा कंपनीचा वकीलही आला. तो बिचारा हात जोडून सांगत होता की क्रुगरसाहेब, गप्प बसा, जगातल्या कुठल्याही प्रतिवादीला मिळत नाही ते तुम्हाला फुकट मिळतंय. पण पालथ्या घड्यावर पाणी. नॉर्बर्टने त्याला एका मऊ कोचावर बसवलं आणि शपथेवर जबानी लिहून दिली: खुर्ची मी उघडली, तिच्या पोटात माझा हात गेला, तिचं जे काही बरंवाईट झालं त्यात माझा वाटा आहे, आणि नाही म्हणणाऱ्याने माझ्या दुकानात येऊन बोलावं. स्वतःवरचा दावा टिकावा म्हणून झटणारा प्रतिवादी मॅकॉलने उभ्या कारकिर्दीत पाहिला नव्हता. कागदावर सही होत असताना त्याचे डोळे पाणावले होते म्हणतात.

इंडियानापोलिसच्या न्यायाधीशांनी दोन्ही बाजूंना बोलावलं. डेल आणि नॉर्बर्टची तिथे काही गरज नव्हती, तरी दोघं गेले, एकाच पिकअपमध्ये, मधे उशी. न्यायाधीशांनी जबानी वाचली, मग पुन्हा वाचली, आणि चष्म्यावरून नॉर्बर्टकडे पाहिलं.

"मिस्टर क्रुगर, तुमच्यावर दावा चालू शकत नाही असं हे लोक म्हणतायत. तुम्हाला ते मान्य नाही?"

"नाही, साहेब. अपमान वाटतो."

न्यायाधीशांनी दावा काउंटी कोर्टात परत पाठवला. क्रुगर हे खरेखुरे प्रतिवादी आहेत, कदाचित आपल्या कोर्टात आजवर आलेले सगळ्यात खरे, असं ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर दोघांनी ताटाबाहेर लोंबणारं डुकराच्या मांसाचं तळलेलं सँडविच खाल्लं. डेलने माफी मागितली. आधी सांगायला हवं होतं, जीभ रेटली नाही, असं म्हणाला. नॉर्बर्टने लिंबाची फोड उचलून त्याच्या ताटात ठेवली. पुढच्या गुरुवारी तो डेलच्या समोर येऊन बसला, पाद्रीबाबांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि वेनला कुणी काही विचारलंच नाही. प्रतिवादी आणि वादी मिळून पत्ते खेळतात म्हणून विमा कंपनीच्या वकिलाने तक्रार केली, ती ऐकायला गावात कोणी मोकळं नव्हतं.

दावा उभा राहिला तेव्हा काउंटी कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्युरीत बारा नाही, सहाच माणसं. पण सहाही अस्सल. एक डेलच्या वर्गातला, एक अर्लीनची दोनतीन नात्यांनी बहीण लागणारी, आणि सगळे जण नॉर्बर्टच्या हातचा मासा खाऊन वाढलेले. मॅकॉल हायवेवरच्या पाटीसारखा हसत होता. ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते कोर्ट मिळालं होतं.

मग कंपनीचा वकील उठला. त्याने खुर्चीची तरफदारी केली नाही, कारखान्याचं गुणगान केलं नाही. त्याने नॉर्बर्टला साक्षीला बोलावलं आणि अगदी आदराने विचारलं.

"खुर्ची कारखान्यातून आली तेव्हा शाबूत होती?"

"होती."

"मग तुम्ही ती उघडलीत?"

"मग काय, न उघडता पाठवू?"

"तुमच्या स्वतःच्या हाताने?"

"या हाताने," नॉर्बर्ट म्हणाला आणि हात वर करून ज्युरीला दाखवला. ज्युरीतल्या दोघांनी मान डोलावली. तो हात त्यांच्या ओळखीचा होता.

कंपनीचा वकील ज्युरीकडे वळला. नॉर्बर्ट क्रुगर हा या काउंटीतला सगळ्यात प्रामाणिक माणूस आहे, असं तो म्हणाला. त्याचा शब्द न् शब्द खरा आहे असं आमची कंपनी मानते, तुम्हीही माना. एवढं बोलून तो खाली बसला. मॅकॉलच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्यामागचा माणूस निघून गेल्यासारखं दिसायला लागलं.

ज्युरी आत गेले आणि कॉफी निवायच्या आत बाहेर आले. नॉर्बर्टने शपथेवर सांगितलंय म्हटल्यावर त्यांना विचार करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. कोण म्हणणार नॉर्बर्ट खोटं बोलतो? त्यांनी कंपनीला साफ सोडून दिलं आणि सगळाच्या सगळा दोष नॉर्बर्टवर ठेवला. काउंटीतल्या लोकांनी काउंटीतल्या माणसाचा शब्द राखला. दावा गावात ठेवण्याचा हाच तर फायदा होता.

डेलने भीतभीत नॉर्बर्टकडे पाहिलं. नॉर्बर्ट बाकावर ताठ बसला होता. त्याच्या बापाचा फोटो दुकानात ज्या रुबाबात लटकतो, त्याच रुबाबात.

"ऐकलंस?" तो डेलच्या कानाशी म्हणाला. "सहाच्या सहा जणांचा विश्वास बसला."

विमा कंपनीने कुरकुरत जे काही दिलं ते दवाखाना आणि मॅकॉल यांनी आपसात वाटून घेतलं. डेलच्या हाती आली ती गोल उशी. नॉर्बर्टला ते बघवलं नाही. एका रविवारी चर्चहून आल्यावर त्याने पिकअप डेलच्या दारात उभी केली आणि वेनच्या मदतीने नवी कोरी खुर्ची आत आणली. पुन्हा 'गव्हर्नर'. डेल नको नको म्हणत होता, पण नॉर्बर्टने ऐकलं नाही. दोन रात्री जागून खुर्चीचा जोड न् जोड आपण स्वतः बघितलाय, म्हणाला. डोळे मिटून बस.

डेल बसला. बरं वाटलं. खरं सांगायचं तर इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं. समोर नॉर्बर्ट, बुडाखाली खुर्ची, आणि अर्लीन पर्सिमनच्या फळांचं पुडिंग आणायला आत गेलेली. त्याला भरून आलं.

"तुझ्यासारखा मित्र नाही रे," तो म्हणाला.

नॉर्बर्ट लाजला. लाजला की तो खिशात हात घालतो. त्याच्या खिशात काहीतरी खुळखुळलं. त्याने दोन जाडजूड बोल्ट बाहेर काढले आणि तळहातावर खेळवायला लागला.

"हे कुठले?" डेलने विचारलं.

"याच खुर्चीचे. ते कारखानेवाले दर खुर्चीत दोन जास्तीचे घालतात बघ. पाठीच्या मागे, बिजागरीजवळ. उगाच वजन. बाबा काढून ठेवायचे, मीही काढून ठेवतो. बरणी आता काठोकाठ भरलीय."

डेल हलला नाही. खटक्यावर गेलेला हात त्याने सावकाश मांडीवर आणून ठेवला. मग त्याच्या डोळ्यांसमोरून गावातली एकेक खुर्ची जायला लागली. पाद्रीबाबांच्या बैठकीतली. केशकर्तनालयातल्या सगळ्या. शेरिफच्या कचेरीतली, जिच्यात वेन दुपारभर पाय वर करून झोपतो.

"आपल्या काउंटी कोर्टात जज्जसाहेब बसतात ती?" त्याने हळूच विचारलं.

"माझीच," नॉर्बर्ट अभिमानाने म्हणाला. "ज्युरीच्याही सगळ्या माझ्याच."

"आणि इंडियानापोलिसला? फेडरल कोर्टात?"

"छे. ते लोक बाहेरून मागवतात. खोक्यातून काढतात आणि तशाच मांडतात, कुणी हातसुद्धा लावत नाही."

डेलने मान डोलावली. मोठमोठ्या कंपन्या आपला दावा फेडरल कोर्टात नेण्यासाठी एवढी धडपड का करतात, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.